स्पीकरच्या डब्यात कापूस कोंबण्याआधी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

लहान स्पीकरची जाहिरात असो की परीक्षण, ‘दमदार बास’ हे दोन शब्द त्यात असतातच. दुसरीकडे स्पीकर स्वतः बांधणारे आणि दुरुस्त करणारे एकमेकांना सर्रास सांगतात, ‘आत थोडा कापूस कोंब, बास वाढेल.’ पहिला दावा मोजमापाशिवाय केलेला असतो आणि दुसरा सल्ला अर्धाच खरा आहे. तंतूंची भरणी, सक्रियित (असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेला) कोळसा, झिओलाइट हे सूक्ष्म छिद्रांचे खनिज, असे सच्छिद्र पदार्थ लहान डब्यातल्या स्पीकरला खरोखर मदत करतात. पण ते आवाजात बास ओतत नाहीत. ते डब्यातल्या हवेचा ताठरपणा कमी करतात, एवढेच. हे नीट लक्षात घेतले, की कोणता पदार्थ, किती, कुठे आणि कधी मुळीच नको, याची उत्तरे त्यातूनच निघतात. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून धरले आणि दांडा खाली रेटला, तर दांडा उसळून परत येतो. बंद डब्यात स्पीकरच्या कोनामागे, म्हणजे हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्यामागे, हेच घडते. कोन मागे आला की आतली हवा दबते आणि त्याला पुढे ढकलते. डबा जितका लहान, तितकी ही हवेची स्प्रिंग कडक. कोनाला स्पायडरची (त्याला मागून धरणाऱ्या लवचिक चकतीची) आणि कडेच्या रबराची स्वतःची स्प्रिंग असतेच, तिच्यात ही भर पडते. एकूण स्प्रिंग कडक झाली की अनुनादाची वारंवारता, म्हणजे कोन ज्या वारंवारतेला आपसूक डोलतो ती, वर सरकते आणि तिच्याखालचा खर्ज झपाट्याने गळू लागतो. वारंवारता निम्मी झाली की आवाज सुमारे १२ डेसिबलने खाली.

आकड्यांत पाहू. एक चार इंची स्पीकर घ्या. मोकळ्या हवेतला त्याचा अनुनाद ५५ हर्ट्झ, एकूण क्यू (अनुनाद किती तीव्र आहे ते सांगणारा आकडा) ०.६, आणि डेटाशीटवर ‘व्हीएएस’ म्हणून दिलेला आकडा ६ लिटर. म्हणजे ६ लिटर हवा दाबायला जेवढी कडक, तेवढेच त्याचे निलंबन, म्हणजे स्पायडर आणि रबर मिळून, कडक. हा स्पीकर ३ लिटरच्या बंद डब्यात बसवला, तर ६ भागिले ३ म्हणजे २, त्यात १ मिळवून ३, त्याचे वर्गमूळ १.७३. अनुनाद आणि क्यू या दोन्हींना या आकड्याने गुणायचे. अनुनाद ९५ हर्ट्झवर जातो, क्यू १.०४ होतो. तोच स्पीकर ६ लिटरच्या डब्यात असता तर गुणक १.४१, अनुनाद ७८ हर्ट्झ आणि क्यू ०.८५. या दोन डब्यांत ४० हर्ट्झला सुमारे ३ डेसिबलचा फरक पडतो. तेवढाच खर्ज काढायला मोठ्या डब्यात अ‍ॅम्प्लिफायरची निम्मी शक्ती पुरते. सच्छिद्र पदार्थाची सगळी धडपड ३ लिटरच्या डब्याला ६ लिटरचा भास द्यायची असते. लहान आकार, खोल खर्ज आणि चांगली कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, हा हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम या पदार्थांनी मोडत नाही. डब्याच्या आकाराबाबत मात्र नियमाला किंचित फसवता येते.

बंद डब्यातल्या हवेलाच मुख्य स्प्रिंग मानण्याची रीत अमेरिकी संशोधक एडगर विल्चर यांनी १९५४च्या ‘एआर-१’ या स्पीकरने रूढ केली. त्याच्या डब्यात काचतंतू भरलेले होते. तंतू भरल्याने हवा मऊ का होते, याचे कारण मात्र त्याहून फार जुन्या एका चुकीत सापडते. न्यूटनने आवाजाचा वेग गणिताने काढला तेव्हा तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आला. दबताना हवेचे तापमान बदलत नाही असे त्याने धरले होते. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१६ साली दुरुस्ती केली: आवाजात हवा इतक्या घाईने दबते की निर्माण झालेली उष्णता निघून जायला वेळच मिळत नाही, हवा तापते, आणि तापल्यामुळे १.४ पट ताठर वागते. डब्यात बारीक तंतू भरले की हवेची उष्णता त्या तंतूंना देता-घेता येते. तापमान जवळपास स्थिर राहते आणि डब्याच्या आत न्यूटनचे गणित खरे ठरू लागते. म्हणून तंतूंच्या भरणीतून मिळणाऱ्या फायद्याची छत १.४ पट आहे. कोणत्याही तंतूने याहून जास्त मिळत नाही, आणि प्रत्यक्षात १५ ते २५ टक्के पदरात पडले तर भरणी उत्तम झाली म्हणायचे. वरच्या उदाहरणात २० टक्के धरले तर अनुनाद ९५ वरून ९० हर्ट्झवर येतो आणि ४० हर्ट्झला जेमतेम १ डेसिबल मिळतो. याहून मोठा दावा कुणी नुसत्या तंतूंच्या जोरावर केला, तर त्याच्याकडे आधी मोजमाप मागावे.

उष्णतेची ही देवघेव किती अंतरावरून होते? १०० हर्ट्झला हवेत उष्णता एका आवर्तनात पाव मिलिमीटरच्या आसपास पोहोचते. म्हणजे शेजारच्या दोन तंतूंमधले अंतर साधारण एवढेच हवे. पंचवीस मायक्रॉन जाडीचा पॉलिएस्टर तंतू लिटरमागे १६ ग्रॅम या प्रमाणात सारखा पसरला, तर तंतू एकमेकांपासून सुमारे ०.२ मिलिमीटरवर येतात. लिटरमागे १६ ग्रॅम हा आकडा स्पीकर बांधणाऱ्यांच्या तोंडी असतो, त्यामागे हे साधे भूमितीचे कारण आहे. मात्र ‘सारखा पसरला’ हे शब्द महत्त्वाचे. तोच तंतू गठ्ठ्यांनी कोंबला, तर गठ्ठ्याच्या आत तो गरजेपेक्षा दाट होतो आणि दोन गठ्ठ्यांमधल्या पोकळीतली हवा पूर्वीइतकीच ताठर राहते. वजन बरोबर, फायदा निम्मा.

आता पदार्थाची निवड. उशीत भरतात तो कुरळा पॉलिएस्टर फायबर बहुतेक कामांना पुरतो. तो ओलावा धरत नाही, खाली बसत नाही, टोचत नाही. काचलोकर जास्त बारीक तंतूंची असल्याने काम अधिक चांगले करते, पण तिचे कण त्वचेला आणि श्वसनाला त्रास देतात आणि व्हॉइस कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) फटीत शिरले तर घासतात. वापरायचीच असेल तर पातळ कापडाच्या पिशवीत शिवून, हातमोजे आणि मास्क घालून. लांब धाग्याची लोकर गुणाने छान, फक्त तिला कसर लागते. कापूस मात्र टाळावा. तो दमट हवेत ओलावा घेतो, गोळा होतो, आणि काही महिन्यांत डब्याच्या तळाशी बसून वरचा अर्धा डबा रिकामा सोडतो.

फोमच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. खुल्या पेशींचा फोम चालतो, बंद पेशींचा चालत नाही, आणि दोन्ही दिसायला सारखेच. ओळखायची खूण सोपी: तुकडा ओठांना लावून फुंकावे. हवा पार गेली तर फोम कामाचा. पॅकिंगच्या फोममधून आणि थर्मोकोलमधून हवा जात नाही. असा तुकडा डब्यात ठेवणे म्हणजे तेवढी वीट ठेवण्यासारखे आहे. डबा आणखी लहान होतो आणि अनुनाद वर जातो.

भरणी करण्याआधी डबा हवाबंद आहे का ते बघावे. हे पहिले काम आणि नेमके तेच राहून जाते. कोनाच्या दोन बाजूंना बोटे सारखी टेकवून तो हळूच आत दाबावा आणि सोडावा. तो सावकाश, एखाद-दोन सेकंदांत जागेवर आला तर ठीक. चटकन परत आला तर कुठेतरी गळती आहे: टर्मिनलच्या भोकातून, स्क्रूच्या भोकातून, नाहीतर स्पीकरच्या कडेखालचे गॅस्केट नीट बसलेले नाही. गळक्या डब्यात कोणतीही भरणी फुकट जाते, कारण तिथे दाबायला हवा उरतच नाही. गळती बंद करायला व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन शक्यतो नको. त्यातून निघणारे आम्ल धातूच्या जोडांना खाते. कोळसा वापरायचा असेल तर ते मुळीच नको; कारण पुढे येईलच.

तीन लिटरच्या डब्याला लिटरमागे १६ ग्रॅमने ४८ ग्रॅम तंतू लागेल. तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा आणि गादीचा कापूस पिंजतात तसा हाताने पिंजून मोकळा करावा, एकही गाठ राहू देऊ नये. मग कोपऱ्यांपासून सुरुवात करून थराथराने ठेवावा. कोनाच्या मागे २५ ते ३० मिलिमीटर जागा रिकामी ठेवावी आणि मध्ये पातळ जाळीचे कापड ताणून लावावे. हे केले नाही, तर तंतू मागच्या बाजूने कोनाला टेकतात, स्पायडरमध्ये अडकतात, आणि काही स्पीकरांना चुंबकाच्या मधोमध मागून जे श्वासाचे भोक असते ते बुजवतात. भोक बुजले की मोठ्या आवाजात फुस्स असा आवाज येतो आणि कॉइल गरम होते. आतल्या तारा तंतूंच्या आधाराने लोंबकळत सोडू नयेत. भिंतीला चिकटवाव्यात, नाहीतर त्या कोनावर टकटक वाजतात.

भिंतींना नुसते अस्तर लावणे आणि डबा भरणे यांत गल्लत होऊ नये. वीस सेंटिमीटर लांबीच्या डब्यात पहिली स्थिर लहर, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमणारी लहर, सुमारे ८५७ हर्ट्झला येते आणि तिथे हवेची हालचाल सगळ्यात जास्त असते ती डब्याच्या मध्यावर. भिंतीजवळ हवा जवळजवळ थांबलेली असते, म्हणून तिथला एक सेंटिमीटरचा फोम त्या लहरीला फारसा अडवत नाही. मध्यावरचा तंतू अडवतो. पुरुषी आवाजाला येणारा डब्यातला घुमारा जातो तो यामुळे, आणि माझ्या मते लहान स्पीकरमध्ये तंतूंचा सगळ्यात खात्रीचा फायदा हाच आहे. बासचा फायदा त्यानंतरचा.

किती तंतू पुरे, हे कानाने ठरवू नये. मोजायला फार सामान लागत नाही. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १०० ओहमचा रेझिस्टर एकसरीत जोडावा, फोनवरच्या सिग्नल जनरेटरमधून साइन लहर द्यावी आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टर्मिनलांवर लावावा. आवाज अगदी हळू ठेवावा. वारंवारता १ हर्ट्झच्या पायरीने फिरवत गेले की एका ठिकाणी व्होल्टेज सगळ्यात जास्त येते; तोच अनुनाद. आधी स्पीकर डब्याबाहेर, मग रिकाम्या डब्यात, मग लिटरमागे ८, १२, १६, २०, २४ ग्रॅम अशी भरणी वाढवत प्रत्येक वेळी आकडा लिहून ठेवावा. आकडा उतरत जातो, एका जागी थांबतो आणि पुढे पुन्हा चढू लागतो. चढू लागला म्हणजे तंतूंनीच जागा खायला सुरुवात केली, किंवा ते इतके घट्ट झाले की हवा आत शिरायलाच अडखळते. सगळ्यात खालच्या आकड्याच्या किंचित अलीकडचे वजन कायम करावे.

आभासी आकारमान काढायचे तर डब्यातला अनुनाद भागिले मोकळा अनुनाद, त्याचा वर्ग, त्यातून १ वजा. हे रिकाम्या आणि भरलेल्या डब्यासाठी काढून पहिल्याला दुसऱ्याने भागावे. ५५, ९५ आणि ९० हर्ट्झ घेतले तर उत्तर सुमारे १.२ येते, म्हणजे २० टक्के वाढ. यात एक फसवे वळण आहे. कोनाला अगदी चिकटून भरलेला तंतू कोनाबरोबर हलतो आणि त्याचे वजन वाढवतो. वजनानेही अनुनाद उतरतो, पण स्पीकरची कार्यक्षमता घसरते. आकडा छान दिसतो आणि आवाज दबतो. मागची मोकळी जागा त्यासाठीही हवी.

तंतूंची छत १.४ पट, तिच्या पलीकडे जायचे तर वेगळी क्रिया लागते, अधिशोषण. सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचे पृष्ठफळ ५०० ते १५०० चौरस मीटर भरते. त्यातली कामाची छिद्रे दोन नॅनोमीटरहून बारीक असतात. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू या छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. डब्यातला दाब जरा वाढला की आणखी थोडे रेणू चिकटतात, दाब उतरला की तेवढे सुटतात. कोन मागे येतो तेव्हा हवेतले काही रेणू जणू डब्यातून नाहीसे होतात, त्यामुळे दाब अपेक्षेइतका वाढत नाही. स्प्रिंग मऊ होते, आणि येथे १.४ची मर्यादा लागू नाही. केईएफ या स्पीकर कंपनीने कोळशाची ही युक्ती ‘एसीई’ नावाने वापरली. २००७च्या ‘म्युऑन’ या स्पीकरमध्ये ती आहे.

शंका येते ती ही, की कोळसा स्वतः जागा खात नाही का? खातो, पण वाटते त्यापेक्षा कमी. दाणेदार कोळशाच्या एका लिटरचे वजन साधारण ४५० ग्रॅम असते आणि कार्बनच्या घन भागाची घनता २च्या आसपास. म्हणजे लिटरभर दाण्यांत खरा घन भाग सव्वादोनशे घनसेंटिमीटर. बाकी पाऊण लिटरहून जास्त हवाच आहे, काही दाण्यांच्या मधे आणि काही दाण्यांच्या आत.

कोळसा नारळाच्या करवंटीपासून केलेला घ्यावा, त्यात बारीक छिद्रांचे प्रमाण जास्त असते. रंग काढण्यासाठी केलेल्या लाकडी कोळशाची छिद्रे त्यामानाने मोठी असतात. जाळायचा कोळसा सक्रियित नसतो, तो कितीही कुटला तरी उपयोग नाही. सिलिका जेलही काही जण सुचवतात. ते पाण्याचे भुकेले आहे, नायट्रोजनचे नाही. दाणा ०.४ ते ०.८ मिलिमीटरचा असावा. याहून मोठा असेल तर रेणूंना दाण्याच्या गाभ्यापर्यंत जाऊन परत यायला वेळ पुरत नाही आणि फायदा अगदी खालच्या वारंवारतांपुरता उरतो. भुकटी घेतली तर ती दाबून बसते, आत हवाच जात नाही. शिवाय कोळशाची धूळ वीजवाहक आहे. ती टर्मिनलवर बसली तर शॉर्ट आणि कॉइलच्या फटीत गेली तर घासणे, दोन्ही ओढवते.

तीन लिटरच्या डब्याला एक लिटर, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम कोळसा पुरेसा. आधी बारीक चाळणीने चाळून धूळ काढावी, धुऊ नये. मग ओव्हनमध्ये सेंटिमीटरभर थर पसरून ११० ते १२० अंश सेल्सिअसला चार तास वाळवावा. दर तासाला तोलावा, वजन उतरायचे थांबले की वाळला. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण कोळशाने आधी धरलेले वास बाहेर पडतात. झाकणबंद डब्यात थंड करून लगेच नॉनवोव्हन कापडाच्या चपट्या पिशव्यांत भरावा. पिशवीची जाडी २० ते २५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर मधले दाणे बेकार बसून राहतात. पिशव्या मागच्या भिंतीला आणि तळाला, एकमेकींत फट ठेवून लावाव्यात. कोनामागच्या उरलेल्या जागेत पिंजलेला पॉलिएस्टर हवाच. मधल्या सुरांचे प्रतिध्वनी तोच गिळतो.

कोळशाचा खरा शत्रू म्हणजे पाणी. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ५० ते ६० टक्क्यांच्या पुढे गेली की त्याच्या छिद्रांत पाणी भरू लागते आणि ते स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाइतकेही चढू शकते. पाण्याने भरलेल्या छिद्रात नायट्रोजनला जागा कुठली? स्पीकर पहिल्या आठवड्यात सुरेख वाजतो आणि दमट हवेत काही महिन्यांत पुन्हा पूर्वपदावर येतो, त्याचे कारण हे. उपाय म्हणून कापडी पिशवीवर २० मायक्रॉनची पातळ पॉलिथिनची पिशवी चढवावी, पण ढिली, सुरकुत्या राहतील अशी. इतका हलका पडदा खर्जाच्या वारंवारतांना अडवत नाही. दाब सहज पार जातो आणि बाष्प फार हळू. ताणून बसवला तर तोच पडदा नवी स्प्रिंग होतो. प्रत्येक पिशवीचे कोरडे वजन तिच्यावरच लिहून ठेवावे. वर्षाने डबा उघडून तोलली आणि वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलेले दिसले, तर कोळसा पुन्हा वाळवावा.

पाण्याइतकाच त्रास देतात ते चिकटद्रव्यांचे आणि रंगांचे वाफारे. ते रेणू जड असतात, छिद्रांत घट्ट बसतात आणि १२० अंशालाही नीट निघत नाहीत. म्हणून डब्याचा रंग, फेव्हिकॉल, सिलिकॉन सगळे पूर्ण वाळून वास जाईपर्यंत कोळसा आत ठेवू नये. आणि डबा काटेकोर हवाबंद केला तरी केसाएवढी एक फट लागतेच. तापमान चढले की कोळसा धरलेली हवा सोडतो, आतला दाब वाढतो आणि कोन मधल्या जागेवरून पुढे सरकून बसतो. सुईच्या जाडीची नळी हा दाब हळूहळू जिरवते आणि खर्जाला धक्का लावत नाही.

मोबाइल फोनमध्ये हीच क्रिया झिओलाइट करतो. फोनच्या स्पीकरमागे असते घनसेंटिमीटरभर जागा, तिथे कोळशाची धूळ आणि ओलावा परवडत नाही. नोल्स कंपनीने आणलेल्या ‘एन’बास’ या पदार्थात झिओलाइटची सूक्ष्म स्फटिके बांधून वाळूसारखे पांढरे दाणे केलेले असतात. या झिओलाइटमध्ये सिलिकॉन हे मूलद्रव्य भरपूर आणि अ‍ॅल्युमिनियम नगण्य, त्यामुळे तो पाण्याला जवळ करत नाही. नैसर्गिक झिओलाइट, मत्स्यटाकीसाठी मिळतो तो, याच्या उलट स्वभावाचा. त्यात अ‍ॅल्युमिनियम भरपूर, आणि तो पाण्याने आधीच भरलेला. स्पीकरमध्ये तो खडीच्या मोलाचा. फोन दुरुस्त करणाऱ्यांनी एवढे जपावे, की स्पीकरचे मॉड्यूल उघडताना पांढरे दाणे सांडले तर ते कचरा समजून झटकू नयेत. ते अडवणारी जाळी फाटली तर दाणे पडद्याला लागून आवाज चरचरतो, आणि दाण्यांऐवजी फोमचा तुकडा ठेवला तर अनुनाद वर जाऊन फोनचा आवाज पत्र्यासारखा होतो.

इतके सगळे करूनही ‘भरणीनंतर बास उलट कमी झाला’ अशी तक्रार ऐकू येते. ती खोटी नसते. वरच्या उदाहरणात रिकाम्या डब्याचा क्यू १.०४ होता. अशा डब्यात अनुनादाच्या जरा वर सुमारे दीड डेसिबलचा उंचवटा असतो आणि कानाला तोच बास वाटतो. आकारमान दुप्पट झाले की हा उंचवटा अर्ध्या डेसिबलच्या खाली येतो. खोल खर्ज वाढतो पण ढमढम जाते. सवय झालेल्या कानाला ती कमतरता वाटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्पीकरचा स्वतःचा क्यू ०.६ऐवजी ०.४ असेल, तर डबा आभासाने दुप्पट केला तरी ८० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात जवळपास फरकच पडत नाही. ४० हर्ट्झला अडीच डेसिबल मिळतात, तेही आवाज तिथे आधीच सुमारे १५ डेसिबलने खाली गेलेला असताना. अशा जोरकस चुंबकाच्या स्पीकरला कोळसा भरण्यापेक्षा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लिंकविट्झ पद्धतीची दुरुस्ती करावी, म्हणजे गळणारा खर्ज इलेक्ट्रॉनिक सर्किटने मोजून उचलावा. दोन्ही एकत्र केले तर आणखी चांगले, कारण मऊ डब्यात त्या दुरुस्तीला बॅटरी कमी लागते.

आणि एका गोष्टीला कोणताच पदार्थ हात लावू शकत नाही: कोन किती हवा ढकलतो. चार इंची कोनाचे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर. तो एका बाजूला ४ मिलिमीटर सरकू शकत असेल, तर ५० हर्ट्झला, भिंतीत बसवलेला धरून, मीटरभर अंतरावर जास्तीत जास्त ८३ डेसिबल मिळतात. १०० हर्ट्झला ९५. डब्यात काहीही भरा, हे आकडे हलत नाहीत. उलट स्प्रिंग मऊ झाल्याने कोन तेवढ्याच शक्तीवर लवकर टोकाला जातो आणि कॉइल मागच्या पत्र्यावर आपटायचा धोका वाढतो.

नळीच्या, म्हणजे बास रिफ्लेक्स डब्यात हे पदार्थ भरू नयेत. तिथे नळीतली हवा मोकळेपणाने हलणे हाच सगळा खेळ असतो. तंतू तिची ऊर्जा खातात, आणि नळीतून दमट हवेची ये-जा सुरू असल्याने कोळसा लवकर मरतो. भिंतींना २० ते २५ मिलिमीटरचे अस्तर आणि नळीच्या आतल्या तोंडाभोवती तिच्या व्यासाइतकी मोकळी जागा, एवढे पुरे.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत स्पीकरची परीक्षणे छापताना तीन आकडे सोबत द्यावेत, ही विनंती. आवाज कोणत्या वारंवारतेला ३ डेसिबलने उतरतो, कोणत्या वारंवारतेला १० डेसिबलने, आणि हे किती मोठ्या आवाजाला मोजले. तिसरा आकडा सगळ्यांत जास्त वेळा गाळला जातो. हळू आवाजात इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीने ४५ हर्ट्झपर्यंत पोहोचणारा लहान स्पीकर आवाज वाढवताच ९० हर्ट्झच्या खालचे सगळे सोडून देतो. मोजमाप ७५ आणि ९० डेसिबल अशा दोन पातळ्यांवर, मीटरभर अंतरावर घेतले, तर हा फरक एका ओळीत छापता येईल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक